पहाटे भूकंप झाला, तर वस्तीतल्या दिव्यांगांना बाहेर कोण काढणार?

10 जुलै 2024 च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचा भूकंप झाला. धक्के अर्धापूर, नांदेडपर्यंत जाणवले. त्या दिवशी सगळे बाहेर आले होते का, असं आम्ही वस्तीत विचारतो तेव्हा उत्तर 'हो' येतं. मग अंथरुणाला खिळलेल्या एखाद्या आजोबांचं नाव घेऊन विचारलं की माणसं गप्प होतात.

किल्लारीचा भूकंप पहाटे चारच्या सुमारास झाला होता. मुखेड तालुक्यात ऑगस्ट 2025 मध्ये हसनाळ, रावणगावात पाणी शिरलं तेही रात्री. मदतीला लष्कर आलं, पण कोणतंही पथक पोहोचायला वेळ लागतो. पहिला अर्धा तास शेजाऱ्यांचाच असतो. त्यात आपल्या कित्येक वस्त्या गावाच्या कडेला, ओढ्याजवळच्या सखल जागेत आहेत.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चं कलम 8 कार्यकर्त्यांनी वाचायलाच हवं. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवावी आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचवावी, असं ते सांगतं. या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. आपल्या गावातली किती नावं त्या नोंदीत आहेत, हे माहितीच्या अधिकारात विचारा.

पण जिल्ह्याच्या यादीतलं नाव पहाटे कोणाला उचलत नाही. म्हणून वस्तीची आपली यादी लागते. वर्षावासात ग्रंथवाचनासाठी आपण विहारात रोज जमतो, आणि तेच पावसाचे महिने असतात. यादी तिथेच करावी. प्रत्येक दिव्यांग व्यक्तीसमोर जवळच्या दोन घरांतल्या माणसांची नावं हवीत. एकच नाव लिहिलं आणि तो नेमका पुण्याला कामाला गेला, तर काय? घरच्यांनाच नव्हे, त्या व्यक्तीलाही विचारा: तुम्हाला कसं उचललेलं चालतं?

हे विचारणं महत्त्वाचं आहे. अंध व्यक्तीला ओढू नये, तिला आपला दंड धरू द्यावा आणि पुढे काय आहे ते बोलत चालावं. कर्णबधिराला भोंगा ऐकू येणार नाही. कोणीतरी जाऊन हलवून उठवायचं, टॉर्चची खूण आधीच ठरवायची. चालता न येणाऱ्याला हातांच्या साध्या खुर्चीत बसवून दोघं नेऊ शकतात. भूकंपात व्हीलचेअरवरच्या माणसाने ब्रेक लावून, पुढे वाकून डोकं झाकावं. बौद्धिक दिव्यांग मुलाजवळ ओळखीचंच माणूस हवं, गर्दीत ते बिथरतं. फिट्सच्या गोळ्या आणि दिव्यांग कार्डाची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत, दाराजवळ टांगलेली असावी.

आता आपल्याच घरची गोष्ट. पूर आला की आपण विहारात, समाजमंदिरात आसरा घेतो. पण त्याला पायऱ्याच पायऱ्या, रॅम्प नाही, आणि संडास असला तर मागे चिखलात. वंदनेला न येऊ शकणारा माणूस पुरात तिथे कसा येईल? ग्रामपंचायत, नगरपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत रॅम्पची मागणी लेखी द्या.

यादी झाली की एका रविवारी, उजेडात, तालीम घ्या. आमच्या अनुभवात खुर्ची दारातून निघत नाही, हे तेव्हाच कळतं.