आधी लॅब, मग रोल

रंगीत निगेटिव्हचा रोल ज्या डेव्हलपरमध्ये धुतात, त्याचं तापमान जगभर एकच ठरलेलं आहे: ३७.८ अंश सेल्सिअस. रोल त्यात सव्वातीन मिनिटं राहतो. तापमान पाव अंशाने हललं तरी रंग बिघडायला लागतात. बर्लिनच्या लॅबमध्ये त्यासाठी हीटर लागतो. चंद्रपुरात नवतप्याचे नऊ तापलेले दिवस सुरू असताना गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी आपणहून त्या आकड्याच्या पुढे निघून गेलेलं असतं. तिथे पाणी गरम करण्याचा नाही, गार करण्याचा प्रश्न.

ब्लॅक अँड व्हाइटची तऱ्हा उलटी. घरच्या घरी, दोन-तीन रसायनांत होणारं हे सोपं काम, पण त्याचं प्रमाण तापमान २० अंश. पारा ४५ च्या वर असताना २० अंशांचं पाणी आणायचं कुठून? माठातलं पाणीही पुरेसं गार नसतं, बर्फच लागतो. म्हणजे लॅबवाल्यांचा अवघड रोल चंद्रपूरच्या हवेला जवळचा आणि हौशी माणसाचा सोपा रोल तिथे डोईजड. दुकानात आपण विचारतो, कोडॅक घेऊ की फुजी, शंभरचा घेऊ की चारशेचा. ताडोबाच्या किंवा भामरागडच्या जंगलात जाणाऱ्याने मात्र आधी विचारायचं ते हे: हा धुवायचा कुठे, आणि तिथे पोचेपर्यंत त्याचं काय होणार?

शटर उघडून मिटतं तेव्हा फिल्मवर दिसण्यासारखं काहीच घडत नाही. चांदीच्या क्षाराचे सूक्ष्म स्फटिक जिलेटिनमध्ये बसवलेले असतात. उजेड पडला की स्फटिकावर चांदीच्या मोजक्या अणूंचा ठिपका तयार होतो. असे चारेक अणू जमले तरी पुरतं. वाघ तेवढ्यात असतो! डेव्हलपर तो ठिपका हेरतो आणि त्या अख्ख्या स्फटिकाची चांदी करतो. मूळ ठिपका कोट्यवधी पटींनी वाढतो. रंगीत फिल्ममध्ये असे थर तीन, आणि चांदी बनता बनताच शेजारी रंग तयार होतो. मग ब्लीच आणि हायपो ही रसायनं येऊन सगळी चांदी काढून नेतात. रंगीत निगेटिव्हमध्ये किंवा स्लाइडमध्ये शेवटी चांदीचा कण उरत नाही. काम करून गेलेल्या चांदीच्या जागी रंग तेवढा राहतो.

हे चार अणू फार नाजूक. उष्णता आणि दमट हवा मिळाली की काही ठिपके विरतात, आणि जिथे उजेड पडलाच नव्हता तिथे भलते ठिपके उगवतात. म्हणून फोटो काढलेला रोल कोऱ्या रोलपेक्षा जास्त जपायचा असतो. ताडोबात वाघ हमखास दिसतो तो मे महिन्यात, पाणवठ्यावर. फिल्मचे सगळ्यात वाईट दिवसही तेच. उन्हात उभ्या जीपच्या कप्प्यात विसरलेल्या रोलला पुढे कुठलीही लॅब वाचवू शकत नाही. इथे आणखी एक भेद कामाला येतो. व्यावसायिक रोल कारखान्यातून ऐन भरात निघतो आणि फ्रिजमध्येच ठेवायचा असतो. साधा हौशी रोल मात्र दुकानाच्या फळीवर काही महिने पडून राहणार हे गृहीत धरूनच बनवलेला. गडचिरोलीकडे पंधरा दिवस भटकायचं असेल तर स्वस्तातला रोल अनेकदा शहाणा ठरतो.

मग जंगलाचे फोटो काढणारे बहुतेक लोक महागडी, हट्टी स्लाइड फिल्म का वापरायचे? कारण निगेटिव्हवरून प्रिंट काढताना दुसऱ्याचा हात लागतो. १९८० आणि ९० च्या दशकांत गावोगावी 'एका तासात फोटो'च्या पाट्या लागल्या. त्या मिनीलॅबचं यंत्र निगेटिव्हमधून येणारा लाल, हिरवा, निळा उजेड मोजतं आणि धरून चालतं, की कुठल्याही फोटोतले सगळे रंग एकत्र केले तर सरासरी करडा रंग येतो. लग्नाच्या, सहलीच्या फोटोंना हे बहुतेक वेळा लागू पडतं. आता त्याच यंत्रात पावसानंतरचं बांबूचं रान घाला. चौकटभर हिरवं. यंत्राला वाटतं, काहीतरी चुकलंय. ते हिरवा कमी करून किरमिजी वाढवतं. बांबू मळकट होतो आणि वाघ गुलाबीकडे झुकतो. मे महिन्यातल्या वाळक्या पिवळ्या गवतात यंत्र निळा ओततं आणि वाघ आजाऱ्यासारखा फिका पडतो. ऑपरेटरला बटणं दाबून हे सुधारता येतं, पण दिवसभर शालूचा लाल सांभाळणाऱ्या माणसाला बांबूचा हिरवा नेमका कुठला हे कळावं कसं? त्याचा दोष नाही. तो त्या वेळी तिथे नव्हता.

स्लाइडमध्ये ही मधली पायरीच नाही. ई-६ या प्रक्रियेत पहिला डेव्हलपर आधी ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह करतो. मग उरलेले, उजेड न लागलेले स्फटिक रसायनाने जागे करतात आणि दुसऱ्या डेव्हलपरमध्ये रंग त्यांच्याभोवती चढतो. उलट्याचं सुलट फिल्मवरच होतं. उजेडासमोर धरलं की जे दिसलं होतं ते समोर. मासिकांचे संपादकही स्लाइडच मागायचे, कारण छपाईसाठीचं रंगविभाजन थेट तिच्यावरून होई.

याची किंमत मात्र चोख मोजावी लागे. निगेटिव्ह दोन स्टॉप, म्हणजे चौपट, उजेड झाला तरी सांभाळून घेतो, स्लाइड अर्ध्या स्टॉपला तोंड फिरवते. वाघ सावलीतून उन्हातल्या पांढऱ्या रस्त्यावर आला की संपलं. १९९० साली आलेल्या फुजीच्या वेल्व्हियाचे रंग पाहून माणसं हरखली, पण तिचा वेग ५०. पहाटेच्या उजेडात लांब लेन्सला तो कुठे पुरणार? अशा वेळी 'पुश' कामी येतो: १०० च्या रोलवर २०० समजून फोटो काढायचे आणि लॅबला सांगून पहिल्या डेव्हलपरमध्ये रोल सहाऐवजी साधारण आठ मिनिटं ठेवायचा. मात्र पुश होतो तो अख्खा रोल. सकाळी सहाला घेतलेला निर्णय छत्तीसही फोटोंना बांधतो. आणि सांगणं ऐकेल अशी ई-६ लॅब कोपऱ्यावर नसते. रोल महानगरात पाठवायचा, म्हणजे पुन्हा उन्हातला प्रवास. जवळच्या मिनीलॅबमध्ये स्लाइड चुकून सी-४१ च्या, म्हणजे रंगीत निगेटिव्हच्या, यंत्रात गेली, तर हाती भडक, विचित्र रंगांचा निगेटिव्ह येतो.

वाघांच्या गणनेचा हिशेब वेगळा. वाघांचे अभ्यासक उल्हास कारंत यांनी १९९० च्या दशकात कर्नाटकात वापरलेले कॅमेरा ट्रॅप रोलचेच होते. पट्टे ओळखता आले की काम झालं, रंग किरमिजी असो की निळा. अशा कामाला, जिथे फ्लॅश कुठून आणि किती लागेल ते ठाऊक नाही, निगेटिव्हच बरा.

आणि भामरागड? पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी जातं आणि गाव तुटतं. तिथे अडकलेल्याला लॅबचा मोह सोडून ब्लॅक अँड व्हाइटच घ्यावा लागतो, कारण त्याची लॅब पिशवीत मावते: काळी चेंजिंग बॅग, एक टाकी, डी-७६ हा डेव्हलपर आणि हायपो. वीज नसली तरी अडत नाही. अडवतं ते तापमान. कोडॅकच्या ट्राय-एक्सला डी-७६ मध्ये २० अंशांवर पावणेसात मिनिटं लागतात, २४ वर पावणेपाच. त्याहून कमी वेळ झाला तर डेव्हलपिंग डागाळू शकतं. पाणी आणखी तापलं की जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेलं जिलेटिन फुगून मऊ पडतं आणि बोटाच्या धक्क्याने सरकतं. यावर जुना उपाय सोडियम सल्फेटचा. ते डेव्हलपरमध्ये घातलं की जिलेटिन फुगत नाही. उष्ण प्रदेशांसाठी कोडॅकने याच तत्त्वावर डीके-१५ नावाचा डेव्हलपर काढला होता.

लॅबवर फिल्मचं आयुष्य किती टांगलेलं असतं याचा सगळ्यात टोकाचा दाखला म्हणजे कोडॅकची स्लाइड फिल्म कोडाक्रोम. १९३५ साली लिओपोल्ड मॅन्स आणि लिओपोल्ड गोडॉव्स्की या दोन संगीतकारांनी तिचा शोध लावला. तिच्यात रंग देणारी रसायनं नव्हतीच. ती लॅबमध्ये, एकेका थराला वेगळी, घालावी लागत. घरी करण्याजोगं हे काम नव्हे. कॅन्ससमधल्या ड्वेन्स फोटो या शेवटच्या लॅबने २०१० च्या अखेरीस रोल घेणं थांबवलं आणि फ्रिजमध्ये जपलेले कोडाक्रोमचे चांगले रोलही त्या दिवसापासून रंगांना मुकले.

घरातल्या पेटीत जुना, न धुतलेला रोल सापडला तर दुकानात देण्याआधी डबीवरची बारीक अक्षरं वाचा. सी-४१ असेल तर रंगीत लॅब शोधा. ई-६ असेल तर लॅबवाल्याला आधी विचारा, ती प्रक्रिया तुमच्याकडे खरंच होते का. के-१४, म्हणजे कोडाक्रोमची प्रक्रिया, असेल तर रंगांची आशा सोडा. माहितगार माणूस त्यातून ब्लॅक अँड व्हाइट चित्र तेवढं काढू शकेल. आणि मे महिन्यात तो रोल कुरिअरने पाठवू नका.