सेव्ह केलेला खेळ हरवतो कसा?

दोन वर्षे रोज थोडे थोडे खेळून मुलाने संगणकात एक अख्खे गाव वसवलेले असते. एके संध्याकाळी वीज जाते आणि ती परत आल्यावर पडद्यावर ओळ उमटते : सेव्ह फाइल करप्ट झाली आहे. घरातल्या मोठ्यांना हे दुःख पोरकट वाटते. पण गेलेली मेहनत खरी असते, आणि ज्या कारणाने ते गाव गेले त्याच कारणाने लग्नाचे फोटो, दुकानाचा हिशेब किंवा प्रबंधाचे प्रकरणही जाऊ शकते. फरक एवढाच, की गेम बनवणाऱ्यांना या नुकसानीवर सुमारे चाळीस वर्षे विचार करावा लागला. त्यांच्या अनुभवातून आपल्याला बरेच शिकता येते.

मंत्र आणि बॅटरी

१९८६ साली जपानमध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा गेम आला, तेव्हा त्याच्या कार्ट्रिजवर काहीही लिहून ठेवण्याची सोय नव्हती. खेळ थांबवताना गेम वीस जपानी अक्षरांचा एक संकेत देई. त्याला ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ म्हणत. मुले तो वहीत उतरवून ठेवत आणि पुढच्या वेळी तोच टाइप करून खेळ पुढे नेत. १९८७ च्या दुसऱ्या भागात हा मंत्र ५२ अक्षरांपर्यंत लांबला. उतरवताना एक अक्षर चुकले की सारे संपले.

यावर उपाय म्हणून कार्ट्रिजमध्येच छोटी मेमरी आणि ती जिवंत ठेवणारी बॅटरी बसवण्यात आली. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ १९८७ मध्ये अमेरिकेत आला तो असाच. त्यात खेळाडूंना एक विचित्र वाटणारी सूचना होती : यंत्र बंद करताना रीसेटचे बटण दाबून धरा. कारण साधे होते. वीज तोडल्यावर दाब क्षणभर घसरत जातो, त्या क्षणात प्रोसेसर भरकटतो आणि मेमरीत भलतेच काही लिहू शकतो. रीसेट दाबलेले असले की तो गप्प राहतो.

बॅटरीलाही आयुष्य असते. १९९९ च्या ‘पोकेमॉन गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये तीच बॅटरी घड्याळही चालवत असल्याने ती लवकर संपे आणि तिच्याबरोबर जमवलेले सारे पोकेमॉनही जात.

बिघाड कुठे होतो?

‘सेव्ह’ हे एक बटण असले तरी तो एक क्षण नसतो. फाइल तुकड्यातुकड्याने लिहिली जाते. जुन्या फाइलवरच नवी लिहायला घेतली आणि मध्येच वीज गेली, तर अर्धी जुनी, अर्धी नवी अशी निरुपयोगी गोष्ट उरते. फ्लॅश मेमरीत तर आधीचे पुसल्याशिवाय नवे लिहिता येत नाही. पुसणे आणि लिहिणे यांच्यामध्ये हातात काहीच नसते.

यावरचा इलाज आपल्या पेढ्यांना जुन्या काळापासून ठाऊक आहे. पाडव्याला नवी वही उघडली म्हणून कोणी जुनी वही फाडत नाही. २००२ च्या ‘पोकेमॉन रुबी’ आणि ‘सफायर’मध्ये हेच केले आहे. सेव्हसाठी दोन जागा आहेत आणि गेम त्या आळीपाळीने वापरतो. प्रत्येक नोंदीबरोबर एक अनुक्रमांक आणि सगळ्या आकड्यांची बेरीज करून काढलेली पडताळणीची संख्या लिहिली जाते. सुरू होताना गेम बेरीज जुळते का ते पाहतो आणि जुळणाऱ्यांपैकी नवी नोंद उचलतो. नवी नोंद बिघडली असेल, तर तसे सांगून आधीची उघडतो. खेळाडूचे मधले काही तास जातात, पण सारे वाहून जात नाही. संगणकावरचे चांगले प्रोग्रॅमही आधी वेगळी तात्पुरती फाइल पूर्ण लिहितात आणि मगच तिला जुन्या फाइलचे नाव देतात.

तरीही गेमच्या शहाणपणावर विसंबून चालत नाही. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या ‘सायबरपंक २०७७’मध्ये संगणकावरची सेव्ह फाइल ८ मेगाबाइटच्या पुढे गेली की ती बिघडत असे. वीज चालू, डिस्क ठणठणीत, दोष प्रोग्रॅममध्ये. त्याच महिन्यात दुरुस्ती आली, पण आधीच बिघडलेल्या फाइली तिने परत आल्या नाहीत.

बिघडल्यावर काय करावे?

सर्वांत आधी खेळ बंद करावा. ‘नवा खेळ’ किंवा ‘डिलीट’ या प्रश्नाला घाईने हो म्हणू नये. अनेकदा मूळ बिघाडापेक्षा जास्त नुकसान या घाईने होते. क्लाउडची सोय असेल तर त्या गेमपुरती ती बंद करावी, नाहीतर बिघडलेली फाइलच तिथल्या चांगल्या फाइलची जागा घेईल. मग सेव्हचे संपूर्ण फोल्डर, बिघडलेल्या फाइलीसकट, दुसरीकडे कॉपी करावे आणि जे काही प्रयोग करायचे ते त्या कॉपीवर करावेत.

आता फाइलचा आकार पाहावा. तो शून्य असेल तर तिच्यात वाचवण्यासारखे काही नाही. जुनी प्रत शोधावी. आकार बरोबर असूनही आत नुसती शून्ये भरलेली असू शकतात. अचानक वीज गेल्यावर असे होते. कधी फाइल ठीकच असते, पण गेमची आवृत्ती बदललेली असते किंवा एखादा मॉड काढून टाकलेला असतो. तो परत बसवला की खेळ उघडतो. ऑटोसेव्ह आणि इतर स्लॉटही तपासावेत.

‘माइनक्राफ्ट’च्या जावा आवृत्तीत प्रत्येक जगाच्या फोल्डरमध्ये ‘लेव्हल.डॅट’ फाइलशेजारी तिची आधीची प्रत ‘लेव्हल.डॅट_ओल्ड’ नावाने असते. पहिली बिघडली तर ती बाजूला ठेवून दुसरीला तिचे नाव देऊन पाहावे. बांधलेली घरे वेगळ्या फाइलींत असतात. पुष्कळदा गाव शाबूत असते, वेशीवरची पाटी तेवढी पडलेली असते.

बॅकअप कशाला म्हणावे?

क्लाउडवर फाइल आहे म्हणजे बॅकअप आहे, हा मोठा गैरसमज आहे. क्लाउडचे मुख्य काम दोन्हीकडची फाइल सारखी ठेवण्याचे. इथे बिघडली की तिथेही बिघडलेलीच पोहोचू शकते. शिवाय ही सोय सर्वत्र नसते. निन्टेन्डो स्विचवर सेव्ह फाइल मेमरी कार्डवर कॉपी करता येत नाही आणि काही गेम नेहमीच्या क्लाउड सेव्हमध्येही बसत नाहीत. म्हणून असा गेम घेण्याआधीच सेव्हची सोय पाहून घ्यावी.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम इथे उपयोगी पडतो : तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. गेमसाठी याचा अर्थ असा की एक प्रत संगणकावर, दुसरी पेनड्राइव्हवर, तिसरी क्लाउडवर. पण फोल्डरच्या नावात तारीख घालून, म्हणजे नवी प्रत जुनीला पुसणार नाही. आठवड्यातून एकदा, आणि गेमचे मोठे अपडेट बसवण्याआधी हमखास, हे काम करावे. पाच मिनिटे लागतात.

अधूनमधून त्यातली एखादी प्रत उघडून खेळ खरोखर चालू होतो का तेही पाहावे. कधीच उघडून न पाहिलेला बॅकअप आपल्याकडे आहे असे धरून चालू नये.