आजोबांचा घडीचा कॅमेरा

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीतील असंख्य घरांप्रमाणे आमच्याही घरात पाणी शिरले. धान्य गेले, पुस्तके गेली. त्यांचे दुःख काळाने ओसरले. परंतु लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यातील छायाचित्रांचे अल्बम चिखलात एकजीव झाले, ती हानी भरून येण्यासारखी नव्हती. आजी-आजोबांच्या संसाराची सारी दृश्य स्मृती त्यांत होती. पुढे माळ्यावरची आवराआवर करताना एक कातडी पिशवी हाती लागली. आत आजोबांचा जर्मन बनावटीचा घडीचा कॅमेरा होता. चित्रे गेली होती. ती टिपणारे यंत्र मात्र उरले होते.

आजच्या तरुण वाचकांनी असा कॅमेरा क्वचितच पाहिला असेल. बंद असताना तो जाडसर डायरीएवढा दिसतो. कळ दाबताच पुढचे झाकण उघडते आणि काळ्या भात्याच्या टोकाशी बसवलेले भिंग रुळांवरून पुढे येते. भात्याची घडी होत असल्यामुळे मोठ्या आकाराचे निगेटिव्ह देणारा कॅमेरा कोटाच्या खिशात मावू लागला, हेच या रचनेचे मर्म. ड्रेस्डेन येथे १९२६ साली चार कंपन्यांच्या एकत्रीकरणातून झाइस आयकॉन ही कंपनी उभी राहिली. तिचा इकाँटा १९२९ साली आला, तर अंतरमापक जोडलेला सुपर इकाँटा १९३४ साली. दुसऱ्या महायुद्धानंतरही काही वर्षे असे कॅमेरे बनत राहिले. पुढे ३५ मिलिमीटर फिल्मच्या आटोपशीर कॅमेऱ्यांनी त्यांची जागा घेतली.

या कॅमेऱ्यांत १२० क्रमांकाचा रोल लागतो. कोडॅकने तो १९०१ साली बाजारात आणला आणि आजही तो तयार होतो. सव्वाशे वर्षांनंतरही जुन्या यंत्रात नवा रोल बसावा, ही लहानसहान गोष्ट नव्हे. त्यावर ६×६ सेंटिमीटरची बारा किंवा ६×९ ची आठ चित्रे निघतात. ६×६ च्या निगेटिव्हचे क्षेत्रफळ ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हच्या साडेतीन पटींहून अधिक असते. चेहऱ्यावरची बारीक सुरकुती त्यात उमटते, ती यामुळेच.

आमच्या कॅमेऱ्याला तीन व्याधी होत्या, आणि जुन्या घडीच्या कॅमेऱ्यांना बहुधा याच तीन असतात.

पहिली भात्याची. अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूने आत विजेरी लावली, तेव्हा घड्यांच्या कोपऱ्यांवर चांदण्यांसारखे सात-आठ ठिपके चमकले. एवढ्याशा छिद्रातून शिरणारा प्रकाश संपूर्ण चित्र खराब करतो. नवा भाता बसवावा असे माझ्या मनात आले. आजी जवळच बसली होती.

“तो चामड्याचा असतो ना रे बाळा?” तिने विचारले.

“जुना आहे तो चामड्याचाच, आजी.”

“जुना आहे तो आहे. त्यासाठी नवं चामडं नको आणूस.”

मग काळ्या कापडी रंगात थोडा गोंद मिसळून, भाता पूर्ण ताणून, छिद्रांवर पातळ हात दिले. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा लागतो; ओल्या भात्याची घडी केली तर घड्या एकमेकींना चिकटतात.

दुसरी व्याधी शटरची. वेगवान गती चालत होत्या, पण एक सेकंदाला लावलेले शटर उघडेच राही. मंद गतीची दंतचक्रे जुन्या वंगणाने जखडतात, म्हणून हा दोष तेथेच प्रथम दिसतो. अशा वेळी तेल सोडण्याचा मोह अनेकांना होतो. तो कटाक्षाने टाळावा. शटरच्या पात्या कोरड्याच चालल्या पाहिजेत. तेल पसरले की त्या एकमेकींना चिकटतात. लायटरमध्ये वापरतात ते इंधन कापसाच्या काडीने थोडे थोडे लावून जुने वंगण विरघळवावे, तेही खिडक्या उघड्या ठेवून आणि देवघरातील दिव्यापासून दूर.

तिसरी व्याधी भिंगाची. पुढचे भिंग फिरवून अंतर जुळवायचे, पण त्याच्या आट्यांतील वंगण दगडासारखे घट्ट झाले होते. येथे पकडीने जोर लावला असता, तर पुढच्याबरोबर मधले भिंगही फिरले असते. हलकी ऊब आणि तेच इंधन यांनी दोन दिवसांत ते सुटले. आट्यांतून भिंग नेमके कोठे सुटते, तेथे खूण करून ठेवावी. परत बसवताना फिल्मच्या जागी घासलेल्या काचेचा तुकडा ठेवावा, शटर व छिद्र पूर्ण उघडे करावे आणि दूरच्या मंदिराचे शिखर काचेवर रेखीव दिसेपर्यंत भिंग फिरवावे. तोच ‘अनंत’ अंतराचा बिंदू.

वापरतानाही काही पथ्ये आहेत. झाकण झटक्याने उघडू नये. भाता हवा ओढतो आणि फिल्म आपल्या जागेवरून पुढे खेचली जाते. म्हणून आधी कॅमेरा सावकाश उघडावा आणि मगच रोल पुढे सरकवावा. मागच्या तांबड्या खिडकीतून आकडा पाहून झाला की ती झाकावी, कारण आजची फिल्म तांबड्या प्रकाशालाही संवेदनशील असते. प्रकाशमापक नसला तरी अडत नाही: स्वच्छ उन्हात छिद्र १६ वर ठेवावे आणि १०० गतीच्या फिल्मला शटर १/१०० वर लावावे.

रोल घालण्यापूर्वी मी आजीला आणखी एक गोष्ट सांगितली. फिल्मवरील थर जिलेटिनचा असतो आणि जिलेटिन प्राणिज असते. हे तिच्यापासून लपवून तिचे चित्र काढणे मला प्रशस्त वाटले नाही. ती बराच वेळ गप्प राहिली.

“आतापर्यंतची सगळी चित्रं तशीच निघाली म्हणायची,” ती म्हणाली. “एकच रोल काढ. आणि एकही वाया घालवू नकोस.”

बारा चित्रांपैकी नऊ चांगली आली. दोन माझ्या चुकीने हलली. एकावर प्रकाशाची पुसट रेघ होती, म्हणजे एक छिद्र नजरेतून सुटले होते. उरलेल्या नऊंपैकी एकात आजी अंगणातल्या तुळशीजवळ उभी आहे. ते हाती घेऊन ती म्हणाली, “इथंच उभं करून यांनी माझा पहिला फोटो काढला होता.”

तो पहिला फोटो पुरात गेला. पण त्याच अंगणात, त्याच भिंगातून टिपलेला हा फोटो आता कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात आहे. आपल्या घरातील माळ्यावर असा एखादा कॅमेरा असेल, तर तो भंगारात देण्यापूर्वी एकदा अंधाऱ्या खोलीत विजेरी लावून पाहा. आणि घरातील वडीलधाऱ्यांना त्याच्याविषयी विचारा; ते काम मात्र उद्यावर टाकू नका.