चार लाखांच्या देशातला कलाकार

घरची बाजारपेठच चिमुकली असेल, तर कलाकार जगभर पोचतो कसा?

आइसलँड घ्या. लोकसंख्या जेमतेम ४ लाख, आपल्या कोल्हापूर शहरापेक्षाही कमी. २००९ मध्ये व्हेनिस बिएनालेत, म्हणजे देशोदेशींचे कलाकार जमतात त्या प्रदर्शनात, आइसलँडतर्फे रग्नार क्यार्तानसन गेला. मोठ्या देशांच्या तिथे स्वतःच्या इमारती आहेत. आइसलँडची नाही, त्यामुळे कालव्याकाठचा एक जुना वाडा घेतला. तिथे या पठ्ठ्यानं सहा महिने एकाच मित्राची चित्रं काढली! मित्र पोहायच्या चड्डीत, हातात सिगारेट नि बिअर. बाटल्या साचत गेल्या, चित्रं झाली १४४. बघणारे आत येऊन हा सगळा पसारा बघायचे.

मला प्रश्न पडला, पोट कसं भरतं? तर तिथलं सरकार निवडक कलाकारांना काही महिने चक्क पगार देतं. अर्ज करायचा, समिती ठरवते. बऱ्याच जणांना नकारही येतो. पण मिळाला, तर तेवढा वेळ तुमचा. तासातासाची टाइमशीट भरणारा मी, जळलो ना राव!

दुसरी गोष्ट ओळखींची. एवढ्याशा राजधानीत चित्रकार, गायक, वादक एकमेकांचे दोस्तच. २०१२ च्या ‘द व्हिजिटर्स’मध्ये रग्नारनं अशाच वादक मित्रांना न्यूयॉर्क राज्यातल्या एका जुन्या हवेलीत वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. सगळे एकच गाणं वाजवतात, तासाभराहून जास्त. पडदे नऊ. मोबाइलवर याची क्लिप बघितली मी, पण त्या नऊ पडद्यांमधून एकदा चालत फिरायचंय.