समाजमाध्यम विश्लेषण आणि अहिराणी वाहिन्या

समाजमाध्यम विश्लेषण म्हणजे यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्राम यांसारख्या माध्यमांवर प्रसिद्ध केलेला मजकूर किती लोकांपर्यंत पोहोचला, त्यांनी तो किती वेळ पाहिला आणि त्याला कसा प्रतिसाद दिला, याच्या आकड्यांचा पद्धतशीर अभ्यास होय. हे आकडे माध्यम स्वतःच नोंदवते व खातेधारकास विनामूल्य दाखवते. यूट्यूबने ही सोय २००८ मध्ये ‘इनसाइट’ या नावाने सुरू केली. २०११ मध्ये तिचे ‘यूट्यूब अ‍ॅनालिटिक्स’ असे नामकरण झाले. इन्स्टाग्रामवर ही माहिती मिळवण्यासाठी खाते व्यावसायिक प्रकारचे करावे लागते.

खान्देशातील पार्श्वभूमी

जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत आणि नाशिक जिल्ह्याच्या काही भागांत अहिराणी बोलली जाते. जनगणनेत ती ‘खान्देशी’ या गटात मोडते. या गटाची भाषकसंख्या २००१ मध्ये सुमारे २०.७५ लाख, तर २०११ मध्ये सुमारे १८.६ लाख नोंदली गेली. घरात अहिराणी बोलणारी अनेक कुटुंबे गणनेच्या वेळी मातृभाषा म्हणून मराठीच सांगतात, हे लक्षात घेता या घटीचा अर्थ जपूनच लावला पाहिजे.

छापील माध्यमांत व चित्रपटांत अहिराणीला फार थोडी जागा मिळाली. यूट्यूबवर मात्र ‘बबल्या इकस केसावर फुगे’, ‘हाई झुमका वाली पोर’ यांसारखी गाणी कोट्यवधी वेळा पाहिली गेली आणि अहिराणी न समजणाऱ्यांच्या लग्नाच्या वरातींतही वाजू लागली. गाणी, प्रहसने व शेतीविषयक माहिती देणाऱ्या स्थानिक वाहिन्यांना त्यामुळे आकड्यांकडे लक्ष देणे भाग पडले. यूट्यूबच्या जाहिरात-उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी २०१८ पासून किमान १,००० सदस्य आणि मागील बारा महिन्यांत ४,००० तासांचा दर्शनकाल अशी अट आहे. (२०२३ पासून लघुचित्रफितींसाठी ९० दिवसांत एक कोटी दृश्यांचा पर्यायही आहे.)

प्रमुख मापे आणि त्यांचा उपयोग

चित्रफितीचे मुखचित्र, म्हणजे थंबनेल, पडद्यावर निम्म्याहून कमी नसलेल्या आकारात एका सेकंदाहून अधिक काळ दिसले, की यूट्यूब एक ‘इम्प्रेशन’ मोजते. समजा, एखाद्या गाण्याचे थंबनेल १०,००० वेळा दिसले व त्यावरून ४०० जणांनी गाणे उघडले, तर क्लिकचे प्रमाण ४ टक्के झाले. हे प्रमाण कमी असेल, तर दोष गाण्यात नसून मुखचित्रात किंवा शीर्षकात असण्याचा संभव अधिक; कारण गाणे अद्याप कोणी ऐकलेलेच नसते.

उघडल्यानंतर काय घडते, ते ‘प्रेक्षक टिकण्याच्या’ आलेखावरून कळते. पहिल्या तीस सेकंदांनंतर किती टक्के प्रेक्षक उरले, हेही तेथे दिसते. गाण्याच्या आरंभी निर्माता, सहनिर्माता, सौजन्य आणि कार्यक्रमाच्या सुपारीसाठी दूरध्वनी क्रमांक अशी लांबलचक नामावळी दाखवण्याची पद्धत कॅसेट-सीडीच्या काळातून आली. आलेख नेमका तेथेच कोसळत असेल, तर नामावळी शेवटी नेणे हा साधा उपाय आहे. एकूण दृश्यसंख्येकडे पाहत बसण्यापेक्षा हा एक आलेख अधिक शिकवतो. २०१२ पासून यूट्यूबने शिफारशींसाठी केवळ दृश्यांऐवजी दर्शनकालाला महत्त्व दिले, हेही त्याचे कारण आहे.

शोधशब्दांचा अहवाल भाषेच्या अभ्यासकालाही रंजक वाटेल. ‘अहिराणी’, ‘आहिराणी’, ‘खान्देशी’, ‘खानदेशी’ अशी अनेक रूपे प्रचलित असून पुष्कळ प्रेक्षक ती रोमन लिपीत लिहितात. कोणत्या रूपाने प्रेक्षक आपल्यापर्यंत येतात, हे पाहून शीर्षक व वर्णनात ती रूपे योजता येतात. शुद्धलेखनाचा आग्रह असणाऱ्यांना हे रुचणार नाही. तथापि शोधयंत्र व्याकरण तपासत नाही.

मर्यादा

विश्लेषणात प्रेक्षकांचे वय, लिंग, देश व शहर यांचे अंदाज मिळतात. मातृभाषा मिळत नाही. कामधंद्यासाठी सुरतेत स्थायिक झालेली असंख्य खान्देशी कुटुंबे या अहवालात केवळ गुजरातचे प्रेक्षक म्हणून उमटतात. वाहिनी अहिराणीत असताना सुरतेचा आकडा मोठा दिसला, तर त्याचा उलगडा स्थानिक माहिती असणाऱ्यालाच होतो. कार्यक्रमाचे दौरे ठरवताना हा आकडा उपयोगी पडतो.

‘दृश्य’ या शब्दाचा अर्थही सर्वत्र एक नाही. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूबची लघुचित्रफीत सुरू होताच वा पुन्हा वाजताच एक दृश्य धरले जाते. त्यामुळे त्याआधीच्या आकड्यांशी तिची तुलना करणे चुकीचे ठरते.

शिवाय हे आकडे आणि त्यांमागचा प्रेक्षकवर्ग माध्यमाच्याच ताब्यात असतो. साक्री तालुक्यातील जामदे येथील दिनेश पवार हे टिकटॉकवरील नृत्यांमुळे महाराष्ट्रभर ओळखले गेले. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा त्यांच्यासारख्या असंख्य ग्रामीण कलावंतांना दुसऱ्या माध्यमावर पहिल्या सदस्यापासून आरंभ करावा लागला. अनुसरण करणाऱ्यांची यादी एका माध्यमावरून दुसरीकडे नेता येत नाही. यूट्यूबवरील अहवाल मात्र तक्त्याच्या स्वरूपात उतरवून आपल्या संगणकावर जतन करता येतात.