जुन्या कागदांतील ‘जे’, ‘कीं’ आणि ‘म्हणोन’

१.

जुन्या मराठी कागदांत अवतरणचिन्हें नसतात. बोलणारा कोण, त्याचें बोलणें कोठें सुरू झालें व कोठें संपलें, आणि दिलेलें कारण लिहिणाराचें स्वतःचें कीं दुसऱ्याच्या तोंडचें, हें सर्व ‘जे’, ‘कीं’ आणि ‘म्हणोन’ या तीन लहान शब्दांवरून ताडावें लागतें. व्याकरणकार यांचा विचार उभयान्वयी अव्ययें म्हणून करितात. परंतु कागदांचा संग्रह करणारांस व ते छापणारांस त्यांचें महत्त्व निराळें आहे. महजर, करिना, तकरीर यांतील पुष्कळसा मजकूर पक्षकारांच्या तोंडचा असतो. त्याची मर्यादा चुकली तर एका पक्षाचा दावा सभेचा निर्णय म्हणून वाचला जातो, आणि पुढें तोच इतिहास म्हणून रूढ होतो.

धाराशिव जिल्ह्याच्या कागदांस हा विचार विशेष लागू पडतो. बहामनी, निजामशाही, आदिलशाही, मोगल व हैदराबादचें राज्य अशा राजवटी या मुलखानें एकामागून एक पाहिल्या. राजवट पालटली कीं वतनदारास आपला हक्क पुनः सांगावा लागे. अर्थात् येथील कागदांत ‘सांगितलेलें’ फार, आणि ‘ठरलेलें’ त्या मानानें थोडें.

२.

तिहींत ‘म्हणोन’ या शब्दाची घटना सर्वांत स्पष्ट आहे. ‘म्हण’ धातूचें हें पूर्वकालवाचक रूप. मूळ अर्थ ‘असें बोलून’. ज्ञानेश्वरींत (शके १२१२) ‘म्हणौनि’ हें रूप कारणाच्या अर्थीं विपुल आढळतें. पुढें म्हणोनि, म्हणऊन, म्हणोन, म्हणून अशीं रूपें झालीं. ‘येतों म्हणून सांगितलें’ येथें तें दुसऱ्याचे शब्द दाखवितें. ‘तेर म्हणून गांव आहे’ येथें नांव दाखवितें. ‘पाऊस आला म्हणून थांबलों’ येथें कारण दाखवितें. या तीन अर्थांतील दुवा दूरचा नाहीं. मनुष्य जें बोलून एखादें कृत्य करितो, तेंच त्याच्या कृत्याचें कारण ठरतें. मात्र कोणताहि अर्थ घेतला तरी ‘म्हणोन’ हें मजकुराच्या मागून येतें. संस्कृतांतील ‘इति’ प्रमाणें तें बोलण्याचें दार बंद करितें.

‘जे’ याचें स्थान याच्या उलट, म्हणजे मजकुराच्या आधीं. ‘जो, जी, जें’ या संबंधी सर्वनामांतून तें निघालें. ‘मालूम केलें जे’ असें आलें कीं पुढील मजकूर मालूम करणाराचा समजावा. ‘कीं’ हें जुन्या ग्रंथांत मुख्यतः प्रश्न अथवा विकल्प दाखवितें. दप्तरी भाषेंत तें ‘जे’ याच्या जागीं अधिकाधिक येऊं लागलें, त्यास फारसींतील ‘कि’ या अव्ययाचा आधार मिळाला. शिवकालीन मराठीवर फारसीचा जो परिणाम झाला त्याची चर्चा इतिहासाचार्य राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याच्या आठव्या खंडाच्या प्रस्तावनेंत केली आहे. ती जिज्ञासूंनीं अवश्य पाहावी.

फारसींत ‘कि’ आधीं येतो, बोलणें मागून. शेवटीं बंद करणारा शब्द नाहीं. उमरग्याच्या पलीकडे जी कानडी सुरू होते तींत ‘एंदु’ हा शब्द बोलण्याच्या शेवटीं येतो, आणि त्याचाहि मूळ अर्थ ‘म्हणून’ असाच. दखनी बोलींत ‘बोलके’ तेंच काम करितो. मराठी लेखकानें दोन्ही दारें ठेविलीं. पेशवाईच्या पत्रांत आधीं ‘लिहिलें कीं’, मग मजकूर, मग ‘म्हणोन लिहिलें’, आणि नंतर ‘ऐशास’ असा क्रम नेहमींचा आहे. ‘ऐशास’ येथून उत्तर देणाराचें स्वतःचें बोलणें चालू होतें.

३.

एकाच शब्दानें उक्ति व कारण दोन्ही दाखविणें हें केवळ मराठीचें वैशिष्ट्य नाहीं. या जिल्ह्यांतील तेर म्हणजेच प्राचीन तगर, हें फ्लीट यांनीं इ. स. १९०१ मध्यें दाखवून दिलें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या व्यापारी मार्गदर्शक ग्रंथांत पैठणापासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठें नगर म्हणून तगराचा निर्देश आहे. तो ग्रंथ ग्रीक भाषेंत आहे; आणि त्या भाषेंतील अव्ययांची तुलना येथें उपयोगी पडते.

ग्रीक ‘होति’ हा शब्दहि संबंधी सर्वनामांतून निघाला. त्याचा अर्थ ‘कीं’ असा होतो, तसाच ‘कारण’ असाहि होतो. कधीं त्याच्यापुढें बोलणाराचे शब्द जसेच्या तसे येतात, तेव्हां तो निव्वळ अवतरणचिन्हाचें काम करितो. ‘दिओति’ याचा मूळ अर्थ ‘कारण कीं’. परंतु पॉलिबियसच्या काळीं तो नुसत्या ‘कीं’ च्या अर्थींहि वापरांत होता. मराठींत उक्तीवरून कारणाकडे वाट गेली. येथें कारणवाचक शब्द उक्तीकडे आला.

परंतु ग्रीकांजवळ एक साधन होतें तें मराठींत नाहीं. भूतकाळीं घडलेल्या कृत्याचें कारण लेखकास स्वतःस मान्य असेल तर तो साधें क्रियापद योजी. दुसऱ्यांनीं दिलेलें कारण असेल तर विध्यर्थासारखें एक निराळें रूप योजूं शके. पेरिक्लीस सेनापति असून सैन्य बाहेर काढीत नाहीं, या कारणानें अथेन्सच्या लोकांनीं त्यास दूषण दिलें, असें थ्युसिडिडीज सांगतो, तेव्हां क्रियापदाच्या रूपावरूनच कळतें कीं, हें कारण लोकांचें आहे, इतिहासकाराचें नव्हे. ‘पाटील पळोन गेला म्हणोन वतन जप्त केलें’ या मराठी वाक्यांत ती सोय नाहीं. पाटील खरोखर पळाला, कीं जप्त करणारांनीं तसें म्हटलें, हें बाहेरील पुराव्यावरून ठरवावें लागतें.

४.

या संदिग्धतेचा परिणाम कोठवर जातो हें दाखविण्यासाठीं जुन्या धर्तीवर एक वाक्य रचून देतों: ‘पाटील बोलिला जे आपले वडील दुकाळीं परागंदा जाले म्हणोन भाऊबंदांनीं वतन खादलें ऐशास मनास आणितां’. ‘म्हणोन’ येथें बोलणें संपलें असें धरलें तर ‘भाऊबंदांनीं वतन खादलें’ हें लेखकाचें विधान होतें. ‘म्हणोन’ कारणवाचक धरलें तर भाऊबंदांवरील आरोपहि पाटलाचाच राहतो. दुसरा अर्थ येथें योग्य आहे. कारण ‘म्हणोन’ याच्या पुढें ‘बोलिला’ किंवा ‘लिहिलें’ असें क्रियापद नाहीं, आणि न्याय करणाराचा स्वर ‘ऐशास’ येथून लागतो. उक्तीच्या पोटांतील ‘आपण’, ‘आपले’ हे शब्द बहुधा बोलणाराकडेच जातात, ही दुसरी खूण.

मोडी लिपीनें अडचण वाढते. तींत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो, अनुस्वार पुष्कळदां गळतो. त्यामुळें ‘पाटिलकी’ हा एक शब्द, आणि ‘पाटील कीं’ हे दोन शब्द, दिसण्यांत सारखेच. ‘बोलिले जे देणें राहिलें’ यांत ‘देणें राहिलें असें बोलिले’ हा अर्थ, कीं ‘जें देणें राहिलें’ त्याविषयींचा पुढील मजकूर, हें वाक्य शेवटपर्यंत वाचल्याखेरीज कळत नाहीं.

यावरून कागद उतरून घेणारांस तीन सूचना कराव्याशा वाटतात. बाळबोध प्रतींत हीं अव्ययें मुळाप्रमाणें ठेवावीं. ‘म्हणोन’ गाळून अर्थ सुबोध करूं नये. अवतरणचिन्हें घातलीं तर तीं संपादकाचीं आहेत हें कळवावें. आणि सारांश देतांना ‘अमक्यास वतन मिळालें’ असें न लिहितां, मूळ कागदांत तसें असेल तर ‘वतन मिळालें असें अमका सांगतो’ असें लिहावें. एवढी काळजी घेतली तर घराण्यांच्या हकीकतींपैकीं किती भाग सभेनें मान्य केलेला आणि किती वंशजांनीं सांगितलेला, हें कागदावरूनच वेगळें काढतां येईल.