हिऱ्यातला डाग आणि प्रकाशाची दिशा

सुरतेतल्या महिधरपुऱ्याच्या आणि वराछाच्या हिरेबाजारात माल पारखला जातो तो दहापट मोठे दाखवणाऱ्या आयग्लासवर. प्रयोगशाळेतही शुद्धतेची प्रत दहापट विवर्धनावरच ठरते. तरी तिथे सूक्ष्मदर्शक लागतो, आणि तो भिंगापेक्षाही त्याच्या दिव्यासाठी.

सर्वांत साधी पद्धत ब्राइटफील्डची. दिवा खाली, वस्तू मध्ये, भिंग वर. काचपट्टीवरच्या रक्तपेशींना ती पुरते: पार्श्वभूमी उजळ, पेशी गडद. हिरा मात्र तिला दाद देत नाही. त्याचा अपवर्तनांक 2.42 आहे. आतून पृष्ठभागावर लंबाशी साधारण 24 अंशांहून अधिक कोन करून आदळलेला किरण बाहेर न पडता पुन्हा आत फिरतो. रत्नकलाकार पैलूंचे कोन जपतात ते याच गुणासाठी, कारण हिऱ्याची चमक त्यावर उभी आहे. पारखणाऱ्याला मात्र तोच गुण नडतो. खालून आलेला प्रकाश पैलूंवर आपटत राहतो आणि त्या लखलखाटात बारीक डाग हरवतो.

त्यावरचा तोडगा म्हणजे डार्कफील्ड. दिव्याच्या मधोमध अपारदर्शक चकती ठेवून सरळ वर जाणारा प्रकाश अडवतात. उरलेला प्रकाश वाटीसारख्या आरशावरून परतून कडेने, तिरपा हिऱ्यात शिरतो. यातला थेट किरण भिंगात पोचत नाही, म्हणून पार्श्वभूमी काळी राहते. वाटेत भेग, स्फटिककण किंवा ठिपका आला, तर त्यावरून विखुरलेला प्रकाश तेवढा वर येतो आणि डाग चमकून उठतो. काळोख्या खोलीतल्या कवडशात धूलिकण दिसतात, तसेच हे. रत्नांसाठी असा खास सूक्ष्मदर्शक अमेरिकेच्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूटने 1930च्या दशकात घडवला, आणि आजही रत्नपरीक्षेची सुरुवात बहुधा डार्कफील्डनेच होते.

दोन्ही पद्धती आलटून पालटून वापरल्या, तर लबाडीही पकडता येते. भेगेत काचेसारखा पदार्थ भरून ती लपवली असेल, तर हिरा हळूहळू फिरवताना डार्कफील्डमध्ये बहुधा नारिंगी आणि ब्राइटफील्डमध्ये निळी झाक चमकून जाते.

पृष्ठभागावरचे ओरखडे आणि पॉलिशच्या रेषा बघायला वरून पडणारा परावर्तित प्रकाशच हवा. तिथे डार्कफील्डचा फारसा उपयोग नाही.

प्रयोगशाळेत बनवलेल्या हिऱ्यांचा धंदा सुरतेत फोफावल्यापासून ध्रुवित प्रकाशाला विशेष महत्त्व आले आहे. यात एक ध्रुवक हिऱ्याखाली आणि दुसरा वर, त्याला काटकोनात बसवतात. निर्दोष रचनेचा हिरा तिथे काळाच दिसायला हवा. पण स्फटिकात ताण अडकला असेल, तर तेवढा भाग उजळतो, कधी रंगीतही दिसतो. नैसर्गिक हिऱ्यात पुष्कळदा विणलेल्या कापडासारखी आडवी-उभी नक्षी दिसते. वायूपासून थर चढवून वाढवलेल्या सीव्हीडी हिऱ्यात अनेकदा स्तंभासारखे पट्टे असतात. उच्च दाबाखाली आणि तापमानात घडवलेल्या हिऱ्यात ताण बहुधा नसतो किंवा अगदी थोडा असतो.

तरी नक्षी हा केवळ इशारा आहे. नैसर्गिक की कृत्रिम, याचा अंतिम निवाडा वर्णपटमापकासारख्या उपकरणांवरच करावा लागतो.